गलाईचा तास

“बाई, आदी पोरांच्या तोंडावरची ती फडकी काढा. मगच आमची पोरं आत येतील.”

हणमंतशेठ यादव शाळेच्या फाटकात पाय रोवून उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात भलंमोठं पितळी कुलूप. त्यांच्या मागं त्यांच्या पॅनेलची दहा-बारा माणसं आणि त्या घरांतली वीस-बावीस मुलं. मुलांचे भांग नीट पाडलेले, पाठीला दप्तरं, आणि तोंडं उघडी.

फाटकाच्या आत, माझ्या शेजारी, सरपंच दत्ताजी साळुंखे. त्यांच्या बाजूची चाळीसेक मुलं मैदानात रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या तोंडावर सरपंचांनी आदल्या दिवशी घरोघर वाटलेला निळा मास्क होता, आणि मास्कवर ठसठशीत कपबशी छापलेली होती. कपबशी हे सरपंचांच्या पॅनेलचं चिन्ह. पंचायतीची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती.

पावणेदोन वर्षांनी त्या सकाळी आमची शाळा उघडत होती. मी मुख्याध्यापिका, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. आदले आठ दिवस मी वर्ग धुऊन घेतले होते, फळे काळे केले होते, कपाटातून उंदरांनी कुरतडलेले तक्ते काढून पुन्हा रंगवले होते. आणि हे दोघं फाटकात.

“शेठ, मास्कचं मी ठरवलेलं नाही,” मी म्हटलं. “वरून नियम आलाय.”

“वरनं?” शेठ हसले. “नियम कुणाला लागू हाय ते सरपंचास्नी इचारा की. गेल्या ऐतवारी ह्यांच्या सभेला तीनशे माणूस हुतं. एकाच्या तोंडाला फडकं न्हवतं. तवा काय रोग सुट्टीव गेल्ता?”

मागं हशा पिकला. मलाही हसू आवरेना, कारण बोलणं खरं होतं.

“सभा उघड्यावर होती,” सरपंच म्हणाले.

“आन जेवाण? जेवाण कार्यालयात हुतं, दारं लावून. मटान कुणाला दिसाय नगं म्हणून.”

“हे बघा हणमंतराव, आमी गावातल्या पोरांसाठी मास्क वाटलं...”

“पोरांसाठी वाटलं, मग त्याव कपबशी कुणासाठी? चौथीची पोरं मतं टाकत्यात व्हय?”

तालुक्यावरून आलेला कागद माझ्या पर्समध्ये होता. मास्कशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही असं त्यात होतं, आणि एकाही मुलाला परत पाठवायचं नाही असंही त्याच कागदात होतं. असे कागद मी चौतीस वर्षं वाचत आले होते. मला काळजी कागदाची नव्हती.

रस्त्यापलीकडं, पिठाच्या गिरणीच्या पायरीवर, छाया मंडले तिच्या मुलीचा हात घट्ट धरून उभी होती. मुलीचं नाव सानिका. टाळेबंदी लागली तेव्हा ती पहिलीत होती आणि पुस्तकातल्या गोष्टी घडाघडा वाचायची. आता पटावर ती तिसरीत होती. मधल्या काळात शिक्षण मोबाइलवर चाललं आणि तिच्या घरी मोबाइल एकच, तोही बटणांचा.

तिचा बाप अंकुश वीस वर्षं गलाईच्या भट्टीवर होता. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी माणसं हाच धंदा करतात. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, शुद्ध करायचं. त्यासाठी कुणी केरळात जातं, कुणी बनारसला, कुणी पार आसामात. पैसा घेऊन येतात तसा काहीजण खोकलाही घेऊन येतात. अंकुश छाती संपवून आला होता. घरात प्राणवायूचं यंत्र होतं आणि डॉक्टरांनी छायाला स्पष्ट सांगितलं होतं, ही साथ तुमच्या घरात शिरली तर हा माणूस आठ दिवस काढायचा नाही.

शाळा उघडणार हे कळल्यावर मी तिच्या घरी गेले होते. तिनं मला चहा दिला आणि म्हणाली, “समद्यांनी तोंड बांधलं तर धाडीन बाई. एक जरी उघडा दिसला तर न्हाई. मला नवरा बी पायजे आन पोरगी शिकाय बी पायजे. दोन्हीतलं एक निवडाय लावू नगा.”

“आणि नाही पाठवलीस तर?”

“तिचा मामा म्हणतोय, आमच्याकडं ऱ्हाऊदे. शेरडं हायती त्यांची.”

मामाकडं शेरडं राखायला गेलेल्या मुली मी बऱ्याच पाहिल्या होत्या. त्यांची नावं पटावर राहतात. त्या परत येत नाहीत. मी छायाला म्हटलं होतं, “पहिल्या दिवशी तू तिला घेऊन ये. बाकीचं मी बघते.”

म्हणून ती आली होती आणि गिरणीच्या पायरीवरून बघत होती, बाई काय बघतात ते.

मी आधी सरपंचांकडं वळले. “दत्ताजीराव, शाळेच्या आवारात पॅनेलचं चिन्ह चालणार नाही.”

“अवो बाई, असं काय करता? तुमच्याच बाजूनं हाय मी.”

“माझी बाजू नाही. मुलांनो, सगळ्यांनी मास्क उलटे करा. चित्र आतल्या बाजूला.”

चाळीस मुलांनी मास्क उलटे केले. त्यात पाच मिनिटं गेली. दोन मास्क तुटले. पहिलीतला एकजण ओरडला, “बाई, कपबशी नाकाला लागतीया!”

“आता बशीतनं वास घे,” हणमंतशेठ म्हणाले आणि त्यांची माणसं पुन्हा हसली.

सरपंचांचा चेहरा उतरला. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “बाई, तुमची पेन्शनची कागदं अजून जायच्यात वर. पंचायतीचा दाखला लागतो त्याला.”

“लागतो तर द्याल,” मी म्हटलं. “तुमच्या दोन्ही पोरांना मीच शिकवलंय. दाखला कसा लिहायचा ते त्यांना येतं.”

मग मी फाटकाशी आले. “शेठ, यांची कपबशी गेली. आता तुमच्या मुलांनी तोंड बांधायला हरकत काय?”

“हरकत कपबशीची न्हाईच,” शेठ म्हणाले. आता त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. “दोन वर्सं पोरं घरात कोंडली. माजी नात आरशाम्होरं बसून एकटीच शाळा शाळा खेळती. पोरास्नी एकमेकाचं तोंड तरी दिसूद्या. लगीन चालतंय, बाजार चालतोय, सभा चालत्यात. सगळा नियम आमच्या लेकरांच्याच नाकाव का? मी काल चावडीव बोललोय, आमची पोरं उघड्या तोंडानं शाळंत बसतील. न्हाईतर ह्ये कुलूप लावीन. बोललोय म्हंजे बोललोय.”

त्यांच्यामागची माणसं त्यांच्याकडं बघत होती. मी शेठच्या तोंडाकडं बघत होते. ‘बोललोय म्हंजे बोललोय’ असं मुलं म्हणतात तेव्हा त्यांचे कान तांबडे होतात. शेठचे कान तांबडे झाले होते.

“लावा कुलूप,” मी म्हटलं. “पण अर्ध्या तासानं लावा.”

“आन अर्धा तास काय करायचं?”

“पहिला तास घ्यायचाय. आपल्या गावचे धंदे, असा विषय आहे. गलाईवर मुलांना सांगायचंय आणि मला त्यातलं काही कळत नाही. मी ऐकीव सांगणार, पोरं ऐकणार, आणि घरी गेल्यावर त्यांचे बाप मला हसणार. तुम्ही कोइमतूरला स्वतःची गलाई चालवता. तुम्ही शिकवा.”

“मी?” शेठनी मागं बघितलं. “मी सातवी नापास हाय बाई.”

“परीक्षा नाही घेणार तुमची. उघड्यावर, मैदानातच घेऊ तास. तुमची मुलं त्या भिंतीकडं, लांब लांब बसतील. ही मुलं इकडं. मधे तुम्ही.”

“शेठ, आयकू नगा,” मागून कुणी म्हणालं. “बाई येळ काडत्यात.”

वेळ मी काढतच होते. पण तेवढ्यात त्यांची नात अन्वी, दुसरीतली, आजोबांचा सदरा ओढत म्हणाली, “आप्पा, शिकवा की. मी सांगती सगळ्यास्नी गप बसाय.”

शेठ आत आले. कुलूप त्यांनी फाटकाच्या कडीला नुसतंच अडकवलं.

मी त्यांना वर्गातला लहान फळा बाहेर आणून दिला. खडूचा एक तुकडा दिला. त्यांनी खडू विडीसारखा दोन बोटांत धरला आणि मुलांकडं बघून घसा खाकरला. कोइमतूरच्या सराफी पेठेत दहा कारागीर हाताखाली असलेला माणूस, पण पन्नास-साठ मुलांसमोर उभं राहिल्यावर त्यांच्या कपाळाला घाम आला.

“तर... पोरानु... सोनं तुमी बगितलंय?”

“होऽऽ!”

“कसं आसतंय?”

“पिवळं!”

“खोटं,” शेठ म्हणाले. “सोनं तपकिरी आसतंय. चिकलावानी.”

मुलं माझ्याकडं बघू लागली. मलाही हे ठाऊक नव्हतं. आणि शेठना कळलं की वर्ग आपल्या हातात आलाय. शिक्षकाला ते कळतं तेव्हा त्याची पाठ ताठ होते. त्यांची झाली.

मग ते सांगू लागले. गिऱ्हाईक जुने डाग-दागिने घेऊन येतं, त्यात तांबं असतं, सांध्याला डाक असतो, मळ असतो. मातीच्या मुशीत ते घालायचं. भट्टी पेटवायची. त्यात चांदी मिसळून वितळवायचं. हातात काहीच नव्हतं म्हणून मी त्यांना पाण्याचा तांब्या आणि माझ्या टेबलावरची पितळी घंटा दिली. घंटा उलटी करून त्यांनी तिची मूस केली. चिमटा धरल्यासारखी दोन बोटं करून ती उचलली, तेव्हा पुढच्या रांगेतली मुलं खरोखर मागं सरकली. त्यांना ती तापलेली वाटली.

“आता ह्या रसाचं बारीक बारीक तुकडं करायचं. तुकडं काचंच्या भांड्यात. आन आता त्याव तेजाब वतायचं. तेजाब म्हंजे अॅसिड. चांदी, तांबं, समदं खाऊन टाकतंय. सोनं तेवढं ऱ्हातंय खाली. तपकिरी, चिकलावानी. ते धुवायचं, परत आटवायचं. मग पिवळं हुतंय.”

त्यांनी तांब्या उचलला, घंटेवर कलता केला, आणि थांबले.

“धूर येतो का, आप्पा?” अन्वीनं विचारलं.

“येतो. तांबडा धूर येतो. भट्टीच्या खोलीत मावत न्हाई.”

“नाकात जात न्हाई?”

शेठनी अन्वीकडं बघितलं. तांब्या तसाच हातात. त्यांनी मान वर केली आणि मुलांच्या डोक्यांवरून, फाटकातून, रस्त्यापलीकडं बघितलं. गिरणीच्या पायरीवर छाया उभी होती. तिनंही त्यांच्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली नाही.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. सदऱ्याच्या खिशातून मोठा रुमाल काढला, तिकोनी घडी घातली आणि नाकावरून घेऊन मानेमागं घट्ट गाठ मारली. मग तांब्या पुन्हा उचलला.

“आदी ह्ये,” ते रुमालातून म्हणाले. “मग तेजाब. ह्ये बांधल्याबिगर भट्टीच्या खोलीत पाय टाकायचा न्हाई. मालकानं बी न्हाई, कारागिरानं बी न्हाई. च्या घेऊन आलेल्या माणसानं बी न्हाई.”

“च्यावाल्यानं का? त्यो तर भट्टीव नसतोय की,” एका मुलानं विचारलं.

“भट्टी एकाची आसती बाळा. धूर समद्यांचा आसतोय.”

विचारणारा मुलगा खाली बसला.

“माज्याकडं एक कारागीर हुता,” शेठ म्हणाले. ते मुलांशीच बोलत होते, पण आवाज फाटकाबाहेर जाईल असा होता. “हात लई सोन्यासारखा. पण बांधायचा न्हाई. म्हणायचा, शेठ, घाम येतो, दम कोंडतो. मी हसायचो. म्हणायचो, ऱ्हाऊदे, मर्द गडी हाय. काम चांगलं हुतं त्येचं, बोललो तर दुसऱ्या गलाईत जाईल म्हणून बोललो न्हाई. मालकानं बोलायचं आसतंय. मी बोललो न्हाई.”

त्यांच्या पॅनेलची माणसं जमिनीकडं बघू लागली. गावात त्या कारागिराचं नाव कुणाला विचारावं लागलं नसतं. मला मात्र तेव्हाच कळलं. अंकुश भट्टीवर होता एवढं मला माहीत होतं, कुणाच्या भट्टीवर ते मी कधी विचारलं नव्हतं.

शेठनी तांब्यातलं पाणी घंटेत ओतलं. सगळं, सावकाश, सांडू न देता. मग आपल्या माणसांकडं वळले.

“काय बगतायसा? खांद्याव टावेल न्हाईत व्हय?”

“शेठ, पण काल चावडीव आपुन...”

“काल चावडीव मी बोललोय. आज बी मीच बोलतोय. सोडा टावेल.”

टॉवेल सुटले. कुणी टॉवेल फाडून दोन तुकडे केले, सोडायला आलेल्या कुणाच्या आईनं ओढणी दिली, अन्वीनं आजोबांकडून रुमालाची गाठ कशी मारायची ते विचारून घेतलं आणि आपल्या रांगेतल्या सगळ्यांना मारून दिली. सरपंच टाळ्या वाजवत पुढं आले. “शाबास हणमंतराव! शेवटी आमचं म्हणणं पटलं म्हणायचं.”

“तुमचं कोण बोलतंय?” रुमालातून शेठ म्हणाले. “मी माजा धंदा शिकवलाय. आन आता तुमी बी लावा. कवाधरनं उघड्या तोंडानं हुबं हायसा तुमी.”

तेव्हा आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं. मैदानभर मास्क वाटलेल्या माणसाच्या स्वतःच्या तोंडावर काहीच नव्हतं. सरपंचांनी खिसे चाचपले. शेवटी पहिलीतल्या एकानं दप्तरातून जादाचा मास्क काढून त्यांना दिला. “उलटा लावा, आजोबा,” त्यानं बजावलं. “बाई रागावत्यात.”

जाताना शेठनी कडीचं कुलूप काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं. खिसा खाली लोंबला.

“बाई,” ते म्हणाले, “आपल्या गावच्या धंद्याचा धडा हाय का खरंच पुस्तकात?”

“आहे. फेब्रुवारीत आहे.”

ते माझ्याकडं बघत राहिले. रुमालामुळं हसले की नाही ते दिसलं नाही.

गावात पुढं बरेच दिवस बोललं जायचं की तोडकर बाईंनी शेठला बरोबर कोंडीत धरलं. निवडणुकीत शेठ नऊ मतांनी पडले, तेव्हा तर त्यांच्या पॅनेलमधल्या दोघांनी ते माझ्यावरच ढकललं. शेठनी स्वतः तसं कधी म्हटलं नाही. मी त्यांना कोंडीत धरलं नव्हतं. मोठ्यानं चुकीचं उत्तर देऊन बसलेल्या मुलाला तुम्ही ‘चूक’ म्हणालात की ते मूल तेच उत्तर आणखी मोठ्यानं देतं. त्याला फळ्यापाशी बोलवायचं, खडू द्यायचा, म्हणायचं, तू यांना समजावून सांग. आपण बाजूला उभं राहायचं. बहुतेक मुलं स्वतःच पुसून नीट लिहितात. मी एवढंच केलं होतं. रुमाल निघेल असं मला वाटलं होतं. बाकीचं जे निघालं ते शेठनी आपणहून काढलं, आणि ते काढायला जे लागतं ते त्यांच्याकडं होतं.

त्या दिवशी मुलं वर्गात गेल्यावर मी रस्ता ओलांडून गिरणीपाशी गेले. छाया अजून तिथंच होती. तिचे डोळे कोरडे होते.

“ऐकलंस?” मी विचारलं.

“ऐकलं. घरी ह्यांना सांगते.” मग ती म्हणाली, “उद्या धाडते बाई.”

“आज.”

“आज दप्तर न्हाई आणलं.”

“दप्तर माझ्याकडं आहे.”

तिनं मुलीचा हात लगेच सोडला नाही. आधी वाकून तिच्या तोंडावरचा मास्क नाकापाशी दाबून बसवला, दोन्ही कानांमागची दोरी तपासली, आणि मग सोडला. सानिका माझ्याबरोबर रस्ता ओलांडून आली. वर्गाच्या दारात तिची पावलं अडखळली. आतली सगळी डोकी तिच्याकडं वळली होती आणि प्रत्येकाच्या तोंडावर काहीतरी बांधलेलं होतं. टॉवेल, ओढणी, उलटे निळे मास्क. ती एकेकाकडं बघत राहिली.

मी तिला खिडकीजवळ बसवलं आणि तिच्यापुढं पुस्तक उघडलं. पहिलीचंच घेतलं होतं, तिला आवडायची ती गोष्ट काढून. तिनं ओळीवर बोट ठेवलं. बोट पहिल्या शब्दावरच थांबलं. ते पुढं सरकेना. मग तिनं वर बघितलं. मास्कच्या वरचे दोन डोळे तेवढे मला दिसत होते आणि ते भरून आले होते.

“बाई,” ती अगदी हळू म्हणाली, “मला आता येत न्हाई.”

“मला येतं,” मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी खाली बसले.